पानं कुरतडली जावीत अशी बाग: मुंबईत फुलपाखरं, पक्षी आणि मधमाश्यांसाठी झाडं लावताना

नर्सरीतून आणलेलं झाड वर्षभर एकाही पानाला भोक न पडता उभं असेल, तर ते दिसायला कितीही देखणं असो, आसपासच्या जिवांना त्याचा फारसा उपयोग नाही. फुलातला मध प्यायला फुलपाखरू कुठूनही येतं आणि दोन मिनिटांत निघून जातं. अंडी घालायला मात्र त्याला ठरावीक झाडच लागतं, कारण त्याच्या अळीला ठरावीक झाडांचीच पानं चालतात. पक्ष्यांचंही तसंच. चिमणी दाणे खाते, शिंजीर (सनबर्ड) मध पितो, पण पिल्लांना दोघंही अळ्या, किडे, कोळीच भरवतात. अळ्या नसतील तर घरट्यातली पिल्लं जगत नाहीत. म्हणून इथे फुलांच्या आधी पानांचं बघू. खिडकीची ग्रिल, बाल्कनी, गच्ची किंवा सोसायटीचं आवार, यातलं जे हाताशी असेल तिथून सुरुवात होऊ शकते.

आधी जागा बघा

रोपं आणण्याआधी आठवडाभर फक्त ऊन बघा. सकाळी ८, १०, १२ आणि दुपारी २, ४ वाजता ऊन कुठे पडतं ते कागदावर मांडून ठेवा. समोर नवा टॉवर असेल तर आपण समजतो त्याच्या निम्मंच ऊन मिळत असतं. मधाच्या फुलझाडांना किमान चार तासांचं थेट ऊन हवं. पूर्वेच्या बाल्कनीत हे सहज जमतं. पश्चिमेची बाल्कनी एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर तापते आणि जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून येणाऱ्या पावसा-वाऱ्याचा सरळ मारा खाते. तिथे उंच, शेलाटी झाडं कठड्यावर ठेवली तर पहिल्या मोठ्या पावसात आडवी होतात. झाड बुटकं, कुंडी रुंद आणि ग्रिलला तारेने बांधलेली, असं तिथलं गणित ठेवा.

चौथ्या-पाचव्या मजल्यापर्यंत फुलपाखरं सहज येतात. त्याच्या वर वारा किती आहे आणि खाली-आजूबाजूला झाडं किती आहेत यावर अवलंबून असतं. शिंजीर, शिंपी, बुलबुल मात्र बरेच वर येतात. बाल्कनीला कबुतरांची जाळी लावलेली असेल तर तिच्या साधारण ५० मिलिमीटरच्या छिद्रांतून छोटी फुलपाखरं आणि चिमणीएवढे पक्षी आत-बाहेर करू शकतात, मोठ्या पंखांच्या मॉर्मन फुलपाखराला ती अडते. जाळीवाल्या घरांनी पानफुटीपासून सुरुवात करावी, कारण तिच्यावर येणारं फुलपाखरू लहान असतं. जाळी नेहमी ताणलेली हवी. सैल झालेल्या, लोंबणाऱ्या जाळीत पक्षी आणि वटवाघळं अडकून मरतात. दर महिन्याला कोपरे तपासा.

कुंडी, माती आणि वजन

झुडपांसाठी १२ ते १४ इंचाची कुंडी हवी. १२ इंचाच्या कुंडीत पंधराएक लिटर माती मावते आणि भिजली की तिचं वजन २० किलोच्या पुढे जातं. ग्रिलच्या बाहेर काढलेल्या चौकटीत अशा दोनच कुंड्या ठेवा, त्याही भिंतीच्या बाजूला. जुन्या इमारतीत ग्रिलचे वेल्ड आणि भिंतीतले बोल्ट गंजलेले आहेत का ते आधी बघा. गच्चीवर मोठे वाफे करण्याआधी सोसायटीची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला, दोन्ही घ्या.

मातीचं मिश्रण: लाल माती चार भाग, कोकोपीट तीन भाग, गांडूळखत किंवा जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत दोन भाग, जाडी वाळू किंवा विटांचा चुरा एक भाग. नर्सरीत नुसती लाल माती घेऊन कुंडी भरून देतात, ती पहिल्याच पावसाळ्यात विटेसारखी घट्ट बसते, पाणी वर साचतं आणि मुळं कुजतात. कुंडीच्या तळाला निदान चार भोकं हवीत आणि त्यांच्यावर खापराचे तुकडे. कच्चं शेण घालू नका, त्यात हुमणीची अंडी-अळ्या येतात आणि मुळं खाऊन टाकतात.

जमिनीत झाड लावायचं असेल तर जूनमध्ये पहिले दोन-चार चांगले पाऊस झाल्यावर लावा. कुंडीसाठी जून चालतो, पण नवख्या माणसाला ऑक्टोबर सोपा जातो. ऊन असतं, धो-धो पाऊस नसतो आणि झाडाला मार्चच्या उन्हाआधी पाच महिने मिळतात.

पहिली चार झाडं

पहिल्या वर्षी एवढीच लावा. चारही स्वस्त आहेत, मुंबईत सहज मिळतात आणि त्यांच्यावर अळ्या येण्याची शक्यता खूप आहे.

*कढीपत्ता.* बहुतेक घरांत तो असतोच, फक्त अळी दिसली की उचलून फेकली जाते. कॉमन मॉर्मन हे मोठं काळं फुलपाखरू कढीपत्त्यावर आणि लिंबावर अंडी घालतं. कोवळ्या पानावर मोहरीपेक्षा लहान, पिवळसर, गोल अंडं दिसेल. तीन-चार दिवसांत त्यातून अळी निघते. सुरुवातीला ती तपकिरी-पांढरी, ओलसर, अगदी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि तिचा बचाव त्यातच आहे. शेवटची कात टाकली की ती एकदम हिरवी होते. तेव्हा तिला काडीने हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून तांबूस, दोन टोकांचं ओलं शिंग बाहेर येतं आणि कुजलेल्या लिंबासारखा उग्र वास सुटतो. मुंग्यांना आणि माश्यांना हटवायला ते असतं, माणसाला काहीही करत नाही. दोनेक आठवडे खाऊन झाल्यावर अळी झाड सोडून चालायला लागते आणि ग्रिलवर, भिंतीवर किंवा शेजारच्या कुंडीच्या काठाखाली जाऊन कंबरेभोवती रेशमाचा धागा बांधून कोष करते. नवखे लोक इथेच फसतात: अळी गायब झाली म्हणजे मेली असं समजतात, आणि दुसऱ्या दिवशी ग्रिल पुसताना कोष खरवडून काढतात. उन्हाळ्या-पावसाळ्यात कोषातून फुलपाखरू साधारण आठ-दहा दिवसांत बाहेर येतं, हिवाळ्यात जास्त वेळ लागू शकतो.

कढीपत्त्याच्या दोन कुंड्या करा, एक फोडणीची आणि एक अळ्यांची. फोडणीच्या झाडावर अळी दिसली की ती आहे त्या पानासकट तोडून दुसऱ्या झाडाच्या डहाळीवर अडकवून ठेवा. ती स्वतःच नव्या पानावर चढते. दोन-अडीच फुटी झाड तीन-चार अळ्या सहज सोसतं. सगळी पानं खाल्ली गेली तरी घाबरू नका, पाणी थोडं कमी करा, मूठभर गांडूळखत घाला, तीन-चार आठवड्यांत पालवी फुटते. बियांपासून करायचं असेल तर पिकून काळं पडलेलं फळ घ्या, गर धुऊन काढा आणि त्याच दिवशी पेरा. वाळवून ठेवलेलं बी उगवत नाही.

*लिंबू.* स्वयंपाकघरातल्या लिंबाची बी पेरली तरी चालते. लिंबं लागायला बरीच वर्षं जातील, पण आपल्याला पानंच हवीत. लाइम, कॉमन मॉर्मन आणि २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेली राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉर्मन, ही तिन्ही फुलपाखरं लिंबाच्या कुळावर वाढतात. राणी पाकोळीला दाट झाडी आवडते. बोरिवली, मुलुंड, आरे, पवई या बाजूला ती येण्याची शक्यता जास्त.

*रुई.* शनिवारी मारुतीला वाहायची ती. रेल्वेच्या कडेला, पडीक जागेत आपसूक वाढते. हिवाळा-उन्हाळ्यात तिच्या बोंडातून म्हाताऱ्या उडतात, त्यांच्या तळाशी चपटं तपकिरी बी असतं, तेच गोळा करा. रुईचं मूळ खोल जातं आणि जागा बदललेली तिला मानवत नाही, म्हणून थेट १४ इंची कुंडीतच दोन-तीन बिया पेरा आणि उगवल्यावर जोमदार रोप ठेवून बाकीची काढा. या झाडाला खत नको, कडक ऊन हवं आणि दोन पाण्यांच्या मध्ये माती सुकू द्यायला हवी. प्लेन टायगर हे नारिंगी फुलपाखरू इथे एकेक अंडं घालतं. त्याची अळी काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या असलेली. रुईचं विष ती अंगात साठवते, म्हणून एकदा चव घेतलेला पक्षी सहसा पुन्हा तिच्या वाटेला जात नाही.

रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. छाटताना हातमोजे घाला, हात धुतल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका आणि घरात लहान मूल असेल तर ही कुंडी त्याच्या हाताला येईल अशी ठेवू नका. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा हमखास येतो. फवारणी करू नका, आधी जवळून बघून त्या शेंड्यावर अंडं किंवा अळी नाही याची खात्री करा आणि मग बोटाने पुसून काढा. थोडा मावा राहिला तर तो खायला लेडीबर्डचे किडे येतात.

*पानफुटी.* कमी उजेडाच्या बाल्कनीसाठी याहून सोपं झाड नाही. एक जाड पान ओल्या मातीवर ठेवलं की त्याच्या कडेच्या खाचांतून रोपं फुटतात. रेड पिएरो या काळ्या-पांढऱ्या, मागच्या पंखांवर नारिंगी-लाल डाग असलेल्या फुलपाखराची अळी पानाच्या आत, वरच्या आणि खालच्या सालीच्या मध्ये राहून गर खात जाते. बाहेरून पान जागोजागी पारदर्शक झालेलं आणि आत काळे कण साठलेले दिसतात. रोग समजून लोक नेमकी हीच पानं तोडून टाकतात. उजेडासमोर धरून बघा, आत हलणारी अळी दिसेल. चार-पाच कुंड्या लावल्या तर सगळ्या एकदम संपत नाहीत.

अळीची भीती ज्यांना वाटते त्यांच्यासाठी: या चारही झाडांवरच्या वर सांगितलेल्या अळ्या खाजत नाहीत, चावत नाहीत. दाट केसांच्या सुरवंटाला मात्र हात लावू नये, कुठल्याही झाडावरचा असो.

दुसऱ्या वर्षी हात बसला की बहावा कुंडीतच तीन फुटांवर छाटून ठेवा. फुलं येणार नाहीत, पण कॉमन एमिग्रंट त्याच्या कोवळ्या पालवीवर अंडी घालतं. कोरांटी आणि अबोलीही लावा. पावसाळ्यात कुंडीत टाकळा आपोआप उगवला तर तण म्हणून उपटू नका. आघाडा आणि दुर्वा याही बागेत असाव्यात, पत्रीलाही लागतातच. राष्ट्रीय उद्यानातून मात्र रोपं किंवा बिया आणायच्या नाहीत, तो कायद्याने गुन्हा आहे.

फुलं निवडताना

एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे: फूल साधं, एकेरी पाकळ्यांचं हवं. नर्सरीत मिळणाऱ्या दुहेरी, गुबगुबीत जास्वंदीत आणि पाकळ्यांनी गच्च भरलेल्या झेंडूत किड्यांना मध-परागापर्यंत पोहोचायला वाटच नसते. लाल एकेरी जास्वंद आणि इक्झोरा शिंजिरासाठी, तुळस मधमाश्यांसाठी, पेंटास फुलपाखरांसाठी, कोरांटी हिवाळ्यासाठी. मोठी कुंडी असेल तर धायटी जरूर लावा. उन्हाळ्याच्या तोंडावर ती लाल फुलांनी भरते आणि शिंजीर तिला सोडत नाहीत. तुळशीच्या मंजिऱ्या खुडायची सवय असते. तुळस दाट राहायला ते ठीकच, पण एका कुंडीच्या मंजिऱ्या तशाच राहू द्या. सकाळी नऊच्या सुमाराला तिथे सातेरी माश्या, अगदी बारीक काळ्या पोयाच्या माश्या आणि निळ्या पट्ट्यांच्या माश्या एकाच वेळी दिसतात.

घाणेरी लावू नका. फुलपाखरं तिच्यावर येतात हे खरं, पण पक्षी तिच्या बिया पसरवतात आणि जंगलात ती देशी झुडपांची जागा गिळते. सोसायट्यांमध्ये लॉनच्या जागी सर्रास पसरवली जाणारी पिवळ्या फुलांची वेडेलियाही त्याच कारणाने नको.

नर्सरीच्या रोपातलं विष

बऱ्याच जणांचा पहिला प्रयत्न इथे फसतो. अळी दिसते, दोन दिवस खाते, मग काळी पडून लटकते. कारण नर्सरीत रोपावर इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही कीटकनाशक मारलेलं असतं. ते पानावरून धुऊन जात नाही, झाडाच्या रसात मिसळतं आणि काही महिने टिकू शकतं. म्हणून अळ्यांची झाडं शक्यतो बियांपासून किंवा ओळखीच्या घरच्या रोपापासून करा. नर्सरीतून आणावंच लागलं तर माती झटकून नव्या मिश्रणात लावा, जुना पाला छाटा आणि दोन-तीन महिन्यांनी आलेली नवी पालवीच अळ्यांसाठी धरा.

घरी कडुलिंबाचं तेल मारतानाही हाच विचार हवा. ते झाडापासून येतं म्हणून निरुपद्रवी समजलं जातं, पण अळीची कात टाकण्याची प्रक्रियाच ते बंद पाडतं, मग ती अळी माव्याशेजारी बसलेल्या मॉर्मनची का असेना. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला तर लिटरभर पाण्यात चमचाभर भांड्यांचा साबण घालून कापसाने तेवढ्याच फांद्या पुसा आणि अर्ध्या तासाने साध्या पाण्याने धुवा. पुसण्याआधी नीट बघा: पिठ्या ढेकणांमध्येच पांढऱ्या मेणाच्या झुबक्यांची, त्यांच्याहून मोठी आणि भराभर चालणारी एक अळी दिसली, तर ती लेडीबर्डच्या जातीच्या भुंगेऱ्याची आहे आणि तुमचंच काम करते आहे. तिला राहू द्या.

पाणी ठेवायचं, डास नाही होऊ द्यायचे

मार्च ते मे पाण्याचं भांडं हे दाण्यांपेक्षा कितीतरी मोठं दान आहे. मातीचं, खडबडीत, फूटभर रुंद आणि जास्तीत जास्त पाच सेंटिमीटर खोल परळ घ्या. मध्ये पाण्याच्या वर डोकं काढणारे दोन-तीन दगड ठेवा, मधमाश्या त्यांच्यावर बसून पाणी पितात आणि बुडत नाहीत. सावलीत ठेवा. जमिनीवर ठेवायचं असेल तर झुडपापासून सहा-सात फूट दूर, म्हणजे दबा धरलेली मांजर पक्ष्याला आधी दिसेल.

पाणी रोज बदला आणि आठवड्यातून दोनदा भांडं काथ्याने घासा. नुसतं ओतून देणं पुरत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात. मुंबईच्या हवेत अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. पालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं घरोघरी तपासणी करतात आणि पैदास सापडली तर नोटीस देतात. बहुतेक वेळा ती सापडते ती कुंडीखालच्या ताटलीत. पावसाळ्यात ताटल्या काढूनच ठेवा. खालच्या मजल्यावर पाणी गळतं म्हणून ताटली लागतच असेल तर ती काठोकाठ जाड वाळूने भरा, मोकळं पाणी दिसता कामा नये.

बेडूक-चतुरांसाठी छोटं तळं करायची इच्छा पुष्कळांना असते. पहिल्या वर्षी करू नका. दर आठवड्याला वाकून अळ्या तपासणारा माणूस ठरलेला असेल तरच ते सोसायटीत टिकतं. केलंच तर दोन फूट रुंद, दीड फूट खोल, आणि एका बाजूला दगडांचा उतार हवाच, नाहीतर सरडा, खार पडली की बाहेर येऊ शकत नाही. गप्पी मासे बंदिस्त हौदात ठीक आहेत. बेडकांच्या तळ्यात ते सोडले तर बेडकांची अंडी आणि पिल्लं खातात, आणि ओढ्या-तलावात ते कधीच सोडू नयेत.

दाणे टाकू नका

ज्वारी-बाजरी, तांदूळ, गाठ्या, पाव, काहीच नको. मुंबईत बाल्कनीत ठेवलेला दाणा चिमणीच्या वाट्याला क्वचित येतो. कबुतरं येतात, एसीच्या युनिटखाली घरटी करतात आणि लहान पक्ष्यांना हुसकून लावतात. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करू शकते. साचलेली विष्ठा कोरडी झाडू नका. मास्क लावा, आधी पाणी मारून पूर्ण भिजवा, मग खरवडून काढा.

चिमणीसाठी काही करायचंच असेल तर लाकडी पेटी लावा: आतून तळ १५ बाय १५ सेंटिमीटर, उंची २० ते २५, भोक ३२ मिलिमीटर. भोक याहून मोठं ठेवलं तर साळुंकी घुसते. दयाळसाठी ते ५० मिलिमीटरच्या आसपास लागतं. बसायला दांडी लावू नका, चिमणीला ती लागत नाही आणि कावळ्याला उपयोगी पडते. तळाला पाणी निथळायला बारीक भोकं, जमिनीपासून आठ-दहा फूट उंचावर, तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला, म्हणजे पावसाचा मारा आत जाणार नाही. पिल्लं उडून गेली की जुनं गवत काढून पेटी उन्हात वाळवा.

शिंजिराने ग्रिलच्या तारेला किंवा कपडे वाळत घालायच्या दोरीला लोंबतं घरटं केलं, तर ते हलवू नका. दोरी वापरणं तीन-चार आठवडे बंद ठेवा.

एकट्या राहणाऱ्या माश्या

पोळं न करणाऱ्या माश्यांसाठी बांबूच्या नळ्यांची जुडी पुरते. आतला व्यास ६ ते १० मिलिमीटर, लांबी १५ सेंटिमीटर, मागचं टोक बांबूच्या पेराने बंद, पुढचं टोक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत. वीस-पंचवीस नळ्या डब्यात घट्ट बसवा, छज्जाखाली, सकाळचं ऊन येईल अशा जागी पक्क्या बांधा. लोंबत ठेवू नका. गुलाबाच्या पानाच्या कडेने नाण्याएवढे गोल तुकडे कापलेले दिसू लागले की समजा पानकापी माशी आली. ती ते तुकडे नळीत रचून त्यात अंडी घालते. मुंबईच्या दमट हवेत नळ्यांना बुरशी लागते, म्हणून दर वर्षी रिकाम्या झालेल्या नळ्या बदला, तोंड मातीने किंवा पानाने बंद असलेल्या तशाच ठेवा.

आग्या मोहोळ मात्र वेगळं. ते इमारतीच्या सज्जाला बसलं तर दगड, धूर, फवारा यातलं काही करू नका. त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवा, रात्री तिकडचे दिवे विझवा. फुलोरा सरला की ते बहुधा स्वतःहून जागा सोडतं.

सोसायटीच्या आवारात

इथे सगळ्यात मोठी सुधारणा फुकट होते: पालापाचोळा झाडाखाली राहू द्यायचा. झाडाभोवती दोन-तीन इंचांचा थर पसरा, खोडापासून फूटभर जागा मोकळी ठेवा. त्यात गांडुळं, वाणी, सापसुरळी, बेडूक येतात आणि त्यांच्यामागे दयाळ, भारद्वाज. रोज सकाळी जमीन खराट्याने लख्ख झाडली की हे सगळं संपतं. जिथे झाडाच्या बुंध्याला काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक भिडलेले आहेत तिथे चारी बाजूंनी निदान एक मीटर माती मोकळी करून घ्या. खोडाला खिळे, दिव्यांच्या माळा नकोत.

जागा असेल तर बहावा, करंज, ताम्हण, बकुळ, आपटा लावा. समुद्राकाठी, वरळी-वर्सोव्यासारख्या खाऱ्या वाऱ्यात भेंड आणि उंडी चांगली तगतात. उंबराइतकं पक्ष्यांना आणि वटवाघळांना पोसणारं दुसरं झाड नाही, पण ते इमारतीपासून आणि पाण्याच्या पाइपांपासून निदान तीस फूट लांब हवं. भिंतीच्या फटीत उगवलेलं पिंपळ-उंबराचं रोप लहान असतानाच काढावं, त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नये.

छाटणीचा प्रश्न मात्र गंभीर आहे. मुंबईत ती एप्रिल-मेमध्ये, पावसाळ्याआधी होते आणि नेमके तेव्हाच कावळे, बुलबुल, दयाळ, तांबट घरट्यांत असतात. धोकादायक फांद्या काढाव्याच लागतात. पण बाकीची छाटणी नोव्हेंबर ते जानेवारीत उरकली तर मेमध्ये फारसं काही शिल्लक राहत नाही. जानेवारीत मांज्याने गुंतलेल्या फांद्याही दिसतात, तो मांजा त्याच वेळी काढून घ्या. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार खासगी आवारातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही, फांद्या छाटण्यासाठीही आधी विभाग कार्यालयातल्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा. छाटणीच्या आदल्या दिवशी सकाळी सात ते साडेसात झाडाखाली उभं राहून बघा: चोचीत काही घेऊन एकाच फांदीकडे पुन्हा पुन्हा जाणारा पक्षी दिसला तर ती फांदी सोडायला सांगा. पिसं फुटलेलं पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर घरी नेऊ नका, जवळच्या फांदीवर ठेवा आणि लांब व्हा, आई-बाप येतात.

पावसाळ्यात मोठ्या आफ्रिकन गोगलगाई रात्रीत वाफा साफ करतात. संध्याकाळी टॉर्च आणि हातमोजे घेऊन वेचा आणि मिठाच्या दाट पाण्यात टाका. उघड्या हाताने धरू नका, त्यांच्यात माणसाला घातक ठरणारे जंत असू शकतात. पाणी साचलेल्या मातीत काम करताना गमबूट घाला, उंदरांच्या मुतातून लेप्टो होतो. उंदीर नकोत म्हणून कंपोस्टच्या खड्ड्यात शिजवलेलं अन्न टाकू नका. उंदीर आले की मागोमाग धामण येते. ती बिनविषारी असते, पण अंदाजाने ओळख पटवू नका. साप दिसला की मुलांना मागे घ्या, एकाने लांबून नजर ठेवावी आणि दुसऱ्याने वनविभागाच्या १९२६ वर फोन करावा.

माळी, सफाई कामगार आणि पेस्ट कंट्रोलवाले

बाग तुमची असली तरी ती रोज हाताळणारी माणसं हीच. सूचना तोंडी दिल्या तर माणूस बदलला की विसरल्या जातात, म्हणून कमिटीच्या सभेत मंजूर करून एका पानावर छापा आणि माळ्याच्या खोलीत लावा. अळ्यांच्या झाडांना रंगीत फीत बांधा आणि पानावर लिहा: फीत असलेल्या झाडावर कसलीही फवारणी नाही, खाल्लेली पानं काढायची नाहीत, टाकळा-आघाडा उपटायचा नाही, पाचोळा जाळायचा नाही, झाडाखाली सारायचा.

पेस्ट कंट्रोलच्या कंत्राटात तीन गोष्टी घालून घ्या. बागेत झुडपांवर धूर फवारणी नाही, कारण ती त्या क्षणी उडणाऱ्या डासांबरोबर फुलपाखरं-माश्याही मारते आणि पाण्यातल्या डासांच्या अळ्यांना धक्काही लावत नाही. साचलेल्या पाण्यासाठी बीटीआय हे जिवाणूंपासूनचं औषध वापरायचं. ते डासांच्या आणि त्यांच्या जवळच्या माश्यांच्या अळ्यांवर काम करतं, फुलपाखरांच्या नाही. पाकिटावर इस्रायलेन्सिस हा शब्द आहे का ते वाचून घ्या, कारण त्याच नावाशी मिळतंजुळतं कुर्स्टाकी हे औषध नेमकं फुलपाखरांच्या अळ्या मारतं. आणि कुठलीही फवारणी करायची असेल तर दोन दिवस आधी नोटीस बोर्डावर वेळ लिहायची, म्हणजे परळ आत घेता येतील आणि कुंड्या झाकता येतील.